वजा केलेलं आकाश

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताई,

आधी गुडघ्यांचं सांग, बाकी सगळं नंतर. जिना उतरताना कठड्याला धरतेस, की अजून वर्गातून निघाल्यासारखी हात मोकळे सोडून ऐटीत उतरतेस? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हो, हो" म्हणतेस आणि मला कळतं की तुला अर्धंही ऐकू आलेलं नाही. ते कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवायला घेतलं होतंस का? म्हणून पत्र.

अक्षर मोठं आलं आहे आणि ओळी उताराला लागल्या आहेत, तिकडे दुर्लक्ष कर. आपल्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातल्या शिवणाच्या सिस्टरनी पाहिलं असतं तर कागद फाडून पुन्हा लिहायला बसवलं असतं. जाड काळं पेन घेतलं आहे. उजव्या डोळ्याने हल्ली थोडा त्रास द्यायला सुरुवात केली आहे, एवढंच. डावा गेला तेव्हा तू जी धावपळ केलीस तसलं आता काही करू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणतात, डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आहे, इंजेक्शनं देऊन थांबवता येईल. बघू.

घरी ठीक. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी या वयात व्हायोलिन शिकायला घेतलं आहे, त्यामुळे माझं संध्याकाळचं फिरणं नियमित झालं आहे.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक नवी संशोधक आली आहे. ती दार उघडून आत आली की कागद उडतात म्हणून आम्ही तिला वादळ म्हणतो. मला ती मावशी म्हणते. तू नेहमी विचारतेस, तुम्ही तिथे नक्की करता काय, आणि मी नेहमी सांगते, धुणीभांडी. खरंच तेच आहे. दूरच्या कोरड्या पठारावर आमच्या दुर्बिणीची मोठी तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी आहे. तिथून जे येतं ते मळकट असतं. ते मी घासते, विसळते, आणि स्वच्छ झालं की वादळासारख्या हुशार पोरींच्या हातात देते.

सध्या आम्ही एका दीर्घिकेच्या मागे आहोत. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं अख्खं गाव. हे गाव इतकं लांब आहे की आम्हाला दिसतं ते त्याचं बाळपण. तो उजेड तिथून निघाला तेव्हा विश्वच मुळी रांगत होतं. तिथे वायू भरपूर आहे आणि तारे धडाधड जन्माला येत आहेत. मग धूळही हवी. कपाटावर बसते ती धूळ नव्हे, काजळीसारखी. तारे जळून जळून मरतात आणि मरताना ती मागे टाकतात. ती जिवंत ताऱ्यांचा उजेड गिळते आणि त्याची ऊब करून परत देते, अगदी क्षीण ऊब, आणि ती आमची तबकडी टिपते. पुढचे तारेही त्याच धुळीच्या आडोशाला, वायू गार झाला की मग धरतात.

पण या दीर्घिकेत धूळ नाही. वायू आहे, तारे आहेत, धूळ जवळजवळ शून्य. घासूनपुसून ठेवल्यासारखी. वादळ खूश आहे. असं काही पहिल्याच पेपरात मिळायला नशीब लागतं म्हणते. मला काही खूश होता आलं नाही. ज्या घरात इतके जन्म झाले त्या घरात कुणीच मेलं नाही, हे मनाला पटेना.

आमची पद्धत तुला सांगून ठेवते. ही ऊब इतकी थोडी की मधली आपली हवा आणि यंत्राची स्वतःची ऊब तिला बुडवून टाकते. म्हणून तबकडी आधी दीर्घिकेकडे बघते, मग मान जराशी वळवून शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे बघते. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. नाही नाही म्हणणाऱ्या माणसासारखी. रिकाम्या आकाशातून जे येतं ती नुसती हवा आणि यंत्र, म्हणून ते वजा करायचं. उरेल ते खरं, आणि त्याचाच नकाशा होतो. रिकामी जागा कोणती, ते आकाशाच्या फोटोत बघून आधीच ठरवलेलं असतं.

तर त्या नकाशात, दीर्घिकेच्या बाजूला, मला एक काळा खड्डा दिसतो. मी कुणाला बोलले नाही. माझ्या नजरेच्या मधोमधही हल्ली एक डाग असतो. तोच असणार. ऑफिसात डोळ्याचं मी सांगितलेलं नाही, कळलं तर उद्यापासून हातात फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवतील.

परवा दुपारी घरात, खिडकीजवळच्या खुर्चीवर कोणीतरी बसलं होतं. मी "कोण पाहिजे?" असं विचारलंसुद्धा. जाऊ दे. त्या खुर्चीवर मी शाल टाकते, तिचाच भास असेल.

जपून राहा.

तुझी,
दोन नंबर

(हसू नकोस. धुलाईच्या सिस्टर केव्हाच गेल्या असतील, पण त्यांनी आपल्या कपड्यांवर शिवलेले नंबर काही जात नाहीत. तू एक, मी दोन.)


शुक्रवार, २१ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्रभर एकच प्रश्न, तोही लाल शाईने खाली रेघ मारून. शाळेत शिकवणं सुटून इतकी वर्षं झाली, पण तुझं लाल पेन काही सुटलं नाही.

आधी ऑफिसातलं सांगते. टाळत नाही आहे, खरंच ते आधी घडलं.

सोमवारी दुपारी वादळ माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, इथे खड्डा आहे."

मला इतकं हायसं वाटलं की मी पेन खाली ठेवलं. "तुला दिसतो?"

"म्हणजे तुम्हाला आधीच दिसला होता? मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तो माझा आहे."

तिला कळेना. मग मी तिला डोळ्याचं सांगितलं. ती शेजारच्या टेबलाच्या कडेवर बसली. नंतर म्हणाली की तुम्ही इतके दिवस हे सगळं नजर तिरपी करून वाचताय होय, मला वाटायचं तुम्हाला माझा राग आला आहे.

खड्ड्याचा अर्थ एकच निघतो. जिथे उजेड नसतो तिथे शून्य येतं, खड्डा येत नाही. शून्याच्या खाली जायला कुणीतरी काहीतरी काढून न्यावं लागतं. आम्ही जे रिकामं आकाश म्हणून वजा करत होतो ते रिकामं नव्हतं. मग तबकडीवाल्यांना सांगून उलटी पाहणी करवली: ती रिकामी जागाच बघा, आणि वजा करायला भलतीकडचं आकाश घ्या. गुरुवारी ते आलं.

तिथे दुसरी दीर्घिका आहे, ताई. फोटोत तिचा मागमूस नाही, नुसता काळोख, कारण ती धुळीने अशी गच्च भरलेली आहे की आतल्या ताऱ्यांचा उजेड बाहेरच पडत नाही. फक्त ऊब येते. आणि आम्ही रोज तीच ऊब पहिलीतून वजा करत होतो. पहिली स्वच्छ नव्हतीच. तिची धूळ दुसरीच्या धुळीने खाल्ली होती.

वादळाला आता वेगळाच घोर लागला आहे. ही दुसरीही पहिलीइतकीच जुनी, विश्व रांगत होतं तेव्हाची. एवढी धूळ साचायला जेवढ्या ताऱ्यांनी मरायला हवं तेवढ्यांना जगायलाच वेळ मिळालेला नव्हता. मोठे तारे भराभर जळून लवकर संपतात हे खरं, पण ते सगळे धरूनही जमेना. ती गणित पुन्हा पुन्हा मांडून बघते आणि पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघते, जणू मी तिथे होते.

ती बघत असताना मी मान फिरवली, तर आमच्या खोलीत, प्रिंटरशेजारच्या स्टुलावर, ती होती. खुर्चीवरची.

शाल नव्हे. लिहिते आता. निळा पिनाफोर, पांढरी कॉलर, दोन वेण्या, पाठ माझ्याकडे. आवाज काही नाही. खिडकीतून वारा आला की पडदा हलतो, तिच्या वेणीची फीत हलत नाही. आणि हे सगळं उलटं आहे. बाजूला बघितलं की मला खोली दिसते आणि ती नसते. सरळ बघितलं की खोली विरते आणि ती दिसते. डोळ्याच्या ज्या जागी मला काहीच दिसत नाही, नेमकी त्याच जागी ती आहे, आणि इतकी लख्ख की मोज्याच्या विणीतले टाके दिसतात. तुझ्या पत्रातली अक्षरंसुद्धा मला इतकी स्वच्छ दिसत नाहीत.

डाव्या पायात बूट आहे. उजव्या पायात नुसता मोजा. तो पाय ती दुसऱ्या पोटरीवर घासत असते, गार पडल्यासारखा.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं, माझं म्हणून नव्हे, एका मैत्रिणीचं म्हणून. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि मैत्रिणीसाठी निरोप सांगितला. डोळ्याकडून काही येईनासं झालं की मेंदूला ती रिकामी जागा सहन होत नाही, तो ती आपल्याच साठ्यातून भरतो. वेड नाही, भूत नाही, पुष्कळांना दिसतं, लोक सांगत नाहीत इतकंच. त्यांच्याकडच्या एका आजोबांना टोप्या घातलेली वीतभर माणसं दिसायची आणि आजोबा त्यांना रोज गुड मॉर्निंग म्हणायचे. मी हसले. मग विचारलं की इंजेक्शनांनी हे जातं का.

"नजर वाचली तर बहुतेक जातं," त्या म्हणाल्या. "मैत्रिणीला तेच हवं आहे ना?"

मी त्या दिवशी इंजेक्शन न घेता घरी आले. दुसऱ्या तारखेलाही गेले नाही. हे तुझ्या लाल रेघेचं उत्तर. त्यांनी फोन करून बजावलं आहे की आणखी उशीर केला तर उजवाही डाव्यासारखा होईल, आणि गेलेलं परत आणता येत नाही. सगळं मला समजतं. चप्पल घालते, दारापर्यंत जाते आणि खुर्चीकडे बघते.

बैठकीतला आपला तो फोटो आठवतो? तू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये स्टुडिओचा जाड पडदा. आईने स्टुडिओवाल्याकडून तो पडदा नंतर रंगवून घेतला होता. काम चांगलं केलं त्याने, चुणीवर चुणी बसवली. पण तुझा हात त्याला काढता आला नाही. तो तसाच राहिला, हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा वळलेला. लहानपणी मला वाटायचं, ताईने पडद्याला धरलं आहे. आई पाहुण्यांना "दोघी मुली" असं सांगायला लागली, बाबा तेव्हा उठून पाणी प्यायला जायचे, आणि शाळेत धुलाईच्या सिस्टरनी माझ्या सगळ्या कपड्यांवरचा तीन उसवून तिथे दोन शिवला. नवे नंबर पाडायला नकोत म्हणून असेल. त्या फार टापटिपीच्या होत्या. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं होतं, ताई. सहा वर्षांच्या पोरीला काय कळतं.

आपण दोघींनीही तिचं नाव काढलेलं नाही. या वयात मी ते काढणार नाही, पण एवढं तरी लिहिते. मधली. ती मधली आहे. मी ती पाठ ओळखते, रात्रंदिवस तिच्या मागे मागे असायचे मी.

तुला एक विचारायचं आहे. आजाऱ्यांच्या खोलीत मी तिच्या शेजारच्या खाटेवर होते, दोघींनाही ताप. मला जाग आली तेव्हा तिच्या गादीवर नवी चादर होती, कोपरे छान दुमडलेले. नंतर मला कुणी काही दाखवलं नाही, काही सांगितलं नाही. मग हा एक बूट कुठून आला? माझ्या साठ्यात असा बूट नाही. एका पायात बूट घालून ती कधी फिरली नाही, सिस्टरनी फिरू दिलं असतं का? तू मोठी होतीस, तुला बोलावलं होतं. तुला काही आठवत असेल तर लिही. नसेल तर गुडघ्यांचंच लिही, मी पुन्हा विचारणार नाही.

तुझी,
दोन नंबर


रविवार, ६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. भिंगाखाली एकेक शब्द धरून वाचलं, आणि काही ठिकाणी भिंग बाजूला ठेवून बसले. लाल शाई कुठेच नव्हती.

"तुला हे कुणी सांगितलं? हे जगात कुणालाच माहीत नाही." तुझी पहिली ओळ. कुणी नाही सांगितलं, ताई. मी बघितलं आणि तुला लिहिलं.

मी तुझ्याऐवजी ते पुन्हा लिहिते, म्हणजे दोघींच्याही अक्षरात राहील. तिला शेवटचं तयार करायला सिस्टरनी तुला मदतीला बोलावलं. तू तिच्या वेण्या घातल्यास. सिस्टर फीत आणायला कपाटाकडे वळल्या तेवढ्यात तू तिच्या उजव्या पायातला बूट काढलास, आपल्या पिनाफोरच्या आत लपवलास आणि तिच्या पायांवर चादर ओढलीस. कुणी चादर उचलून बघितलं नाही. तो बूट अजून तुझ्याकडे आहे, लोकरीच्या कपड्यांच्या मागे, इतकी घरं बदललीस तरी, आणि भावोजी होते तोवर त्यांनाही कळू दिलं नाहीस. "एक बूट माझ्याकडे राहिला तर तो मागायला तरी ती येईल, असं मला वाटलं होतं." इथे मी भिंग खाली ठेवलं.

बारा वर्षांची होतीस तू. या सगळ्या वर्षांत कितीदा दाराची बेल वाजली असेल आणि कितीदा तुझ्या काळजात काही हललं असेल, आणि मी तुला कानाच्या यंत्रावरून चिडवत होते.

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलेलं नाही. त्या म्हणतील, तापात अर्धवट डोळे उघडून तुम्हीच ते बघितलं असेल, मग विसरलात. असेलही. खाट शेजारीच होती. मी ते नाकारत नाही आणि मानतही नाही. मला प्रश्न वेगळाच पडला होता: बूट तुझ्याकडे, मग ती माझ्याकडे का आली? काल दुपारी, भाजी निवडताना, उत्तर सापडलं. तुझे डोळे अजून चांगले आहेत. तुझ्याकडे तिला बसायला जागाच नाही.

वादळाचं सांगते. तिने वजा केलेलं सगळं परत मिळवलं. पहिल्या दीर्घिकेला तिची धूळ मिळाली, तिचा सगळा झगमगाट गेला, इतर चारचौघींसारखी झाली. दोन दिवस पोरगी फुगून बसली होती, हातचा पहिला पेपर गेला म्हणून. आता म्हणते, पेपर दोघींवर मिळूनच लिहायचा. त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की दुसरी धरल्याशिवाय पहिली नीट मोजताच येत नाही. दुसरीतली इतकी धूळ इतक्या लवकर कुठून आली, ते मात्र अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. पेपरात तसंच लिहिणार आहोत, की आम्हाला माहीत नाही. ऑफिसात डोळ्याचं कळलं, गुच्छ काही आला नाही. वादळाने माझ्या पडद्यावरची अक्षरं विटेएवढी करून दिली आहेत, आता माझं काम कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही वाचता येईल.

आता तुझ्या प्रश्नाचं. गुरुवारी सकाळी इंजेक्शन घेणार आहे. या खेपेला नक्की. मी नेमकी कशाला अडले होते ते आता तुझ्याजवळ लपवण्यात अर्थ नाही. नजर ठेवली तर ती जाणार. ती ठेवली तर नजर जाणार. मला वाटायचं, एवढ्या वर्षांनी आली आहे, बसू दे, माझे डोळे गेले तरी मला ती दिसेलच, आणि त्याहून जास्त बघण्यासारखं आता काय उरलं आहे? पण ती काही माझ्यासाठी बसलेली नाही. पाय गार पडला आहे तिचा. ती कशाची वाट बघते आहे ते आता मला माहीत आहे, आणि माहीत असून तिला माझ्या डोळ्यात अडकवून ठेवणं माझ्याने होणार नाही.

तू बुधवारी ये. गुडघ्यांचं कारण चालणार नाही. दुपारच्या बसने ये, मधल्या सीटवर बस, मागे फार हादरे बसतात. येताना तो बूट आण. पिशवीत कोंबू नकोस, मांडीवर धरून आण. आपण दोघी मिळून तो खुर्चीपाशी ठेवू, तिच्या पायाजवळ, आणि शेजारी बसून राहू. तुला ती दिसणार नाही. मी सांगत जाईन ती काय करते ते.

नाडी मात्र घरूनच सोडून आण. इतक्या वर्षांत गाठ घट्ट झाली असेल, आणि तिला गाठ कधी सुटायची नाही. रोज सकाळी तूच बांधून द्यायचीस.

हे लिहायला बसले तेव्हा ती खुर्चीवर नव्हती. मला धस्स झालं. मग दिसली. दारापाशी उभी आहे, जिन्याकडे तोंड करून, एक हात चौकटीवर. कुणी यायचं असलं की मुलं उभी राहतात तशी. मी अजून पत्र पाकिटातही घातलेलं नाही, ताई.

बुधवारी उशीर करू नकोस. आम्ही दोघी घरीच आहोत.

तुझी,
तीन नंबर